जयूताईने न काढलेला फोटो

आधीच सांगून टाकते, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी बाई नाही. या सदरातले अनुभव मी नेमाने वाचते, पण वाचताना डोक्यात वेगळंच काहीतरी चालू असतं... हे कसं घडलं असेल, कोणाचा गैरसमज झाला असेल, कुठली गोष्ट सांगायची राहून गेली असेल. बहुतेक वेळा काहीतरी सापडतं. माझं बालपण कुडाळला गेलं. गावाची राखण करणारा देवचार, चकवा, अमुक वळणावरचं पिंपळाचं झाड हे सगळं ऐकतच आम्ही मोठे झालो. पण माझे वडील शाळेत विज्ञान शिकवायचे. घरी कोणी भुताची गोष्ट सांगायला लागलं की ते अगदी शांतपणे विचारायचे, "तेव्हा वारा कुठून होता?" आणि सांगणारा वाऱ्याची दिशा आठवायला लागायचा.

तर वारा कुठून होता इथपासून सगळे प्रश्न मी स्वतःला विचारून झालेत. उत्तर मिळालं असतं तर हे लिहायला बसले नसते.

हा अनुभव माझा असला तरी गोष्ट जयूताईची आहे. तिचं आडनाव देत नाही, तिला ते आवडणार नाही. मालवणजवळच्या देवबागची. वडील बोटीवर खलाशी होते. वर्षातले आठ-नऊ महिने समुद्रावर. एका सुट्टीत त्यांनी परदेशी बंदरातून एक जुना कॅमेरा आणला, तो खरं तर थोरल्या मुलासाठी. त्याने दोन दिवस खेळून ठेवून दिला. जयूताईने उचलला. पहिला रोल तिने किनाऱ्यावर रापण ओढणाऱ्यांवर संपवला. मोठं जाळं, दोन्ही टोकांना दोरीवर ओणवी झालेली माणसं, आणि मधोमध तोंडात विडी धरून हसणारा एक म्हातारा. तो फोटो आजही तिच्या घरात पडवीला लावलेला आहे. मी खूप ठिकाणचे खूप फोटो पाहिलेत, पण सतरा-अठरा वर्षांच्या पोरीने पहिल्याच रोलमध्ये असं काही टिपावं, हे मला अजून नवल वाटतं.

पुढे मालवणात एका स्टुडिओत ती पासपोर्ट साइझचे आणि लग्नांचे फोटो काढायची. सुट्टीच्या दिवशी मात्र खाडीवर. तिने पाठवलेले फोटो एका मासिकाने छापले, मग दुसऱ्याने, आणि मग कोणीतरी तिला विचारलं, स्पितीला जाणार का? तोवर ती कोल्हापूरच्या पुढे गेली नव्हती. ती गेली. आई म्हणाली, "एकटी खंय जातंस गो?" त्यावर हिचं उत्तर घरात अजून सांगतात: "एकटी खंय? कॅमेरो आसा मां."

त्यानंतर तीसएक वर्षं ती फिरतीवरच होती. स्पिती, चिलिका, कच्छचं रण, अरुणाचल. बाई एकटी हिंडते म्हणून लॉजवाले खोली द्यायचे नाहीत, तेव्हा ही एसटी स्टँडवर बॅगेवर डोकं टेकून झोपायची, आणि सकाळी तिथल्याच चहावाल्याचा इतका सुंदर फोटो काढायची की तो अंकाचं पहिलं पान व्हायचा. लग्न केलं नाही. कोणी विचारलं तर म्हणायची, "सवड झाली नाय."

मी पुण्याच्या एका प्रवासविषयक मासिकात काम करते. मजकूर माझा, फोटो तिचे, अशी आमची जोडी दहा-बारा वर्षं होती. तिच्याकडून मी काय शिकले ते सांगायला वेगळा लेख लागेल. एकच सांगते. भोगव्याच्या बाजूला समुद्री गरुडाचं घरटं होतं. कितीतरी दिवस ती लांब आडोशाला बसून वाट पाहत होती. एकदा मीही सोबत होते. मादी मासा घेऊन आली, पण घरट्यावर उतरेना, नुसत्या घिरट्या घालत राहिली. उजेड अप्रतिम होता. जयूताईने थोडा वेळ पाहिलं आणि सामान आवरायला घेतलं. मी म्हटलं, "अगं, उतरेल आता." ती म्हणाली, "उतराची नाय. तिका आमी दिसलो. पिल्लां उपाशी आसत." आणि आम्ही निघालो. त्या घरट्याचा एकही फोटो तिच्याकडे नाही.

आता आंबोलीचं सांगते.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. श्रावण होता. सड्यावरच्या रानफुलांवर लेख करायचा म्हणून आम्ही दोघी आंबोलीला मुक्काम करून होतो. सडा म्हणजे कातळाचं पठार. पावसाळ्यात त्यावर बोटभर मातीत निळी, पांढरी फुलं येतात, आणि मधे मधे दवबिंदू नावाची ती इवलीशी लाल रोपं, पानांवर चिकट थेंब घेऊन किडे पकडणारी. त्यांचे फोटो म्हणजे ओल्या दगडावर पोटावर झोपून काढायचे. जयूताई तेव्हा साठीच्या जवळ आली होती. सकाळभर ती तशी पडून होती, मी वर छत्री धरून.

जेवणाच्या सुमाराला आम्ही चौकुळच्या रस्त्याकडे परत यायला निघालो. रस्ता अगदी समोर दिसत असताना शेवाळावरून तिचा पाय घसरला आणि घोटा मुरगळला. मी तिला धरून धरून रस्त्यावरच्या टपरीपर्यंत आणलं. ती टपरी एका वहिनींची होती, भजी, मॅगी, चहा, भाजलेलं कणीस असं सगळं मिळायचं. वहिनींनी लगेच स्टूल पुढे केलं, हळद गरम करायला ठेवली. जयूताई बाकावर बसली, पाय स्टुलावर, कॅमेऱ्याची बॅग मांडीवर. बॅग ती कधीच खाली ठेवायची नाही.

आणि तेव्हा लक्षात आलं की तिचा ट्रायपॉड वरच राहिलाय.

"मी पटकन घेऊन येते," मी म्हटलं.

"रवांदे गो. धुक्या येता बघ."

"अगं समोरच तर आहे. आत्ता आले."

खरोखरच समोर होतं. सकाळपासून दोन फेऱ्या झाल्या होत्या. ट्रायपॉड मला लगेच मिळाला, जिथे ठेवला होता तिथेच. तो खांद्यावर टाकला, वळले, आणि समोरचं सगळं नाहीसं झालेलं होतं.

आंबोलीचं धुकं ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. ते आल्यावर स्वतःचे बूट दिसत नाहीत. मी दिशा लक्षात ठेवून सरळ चालू लागले. निदान मला सरळ वाटत होतं. थोड्या वेळाने एका झुडपात शिरले. सकाळी वाटेत झुडूप नव्हतं. बाहेर पडताना रेनकोटची डावी बाही काट्यात अडकून खांद्यापासून कोपरापर्यंत फाटली. मग घसरून पडले. गालाला चिखल लागला, तो पुसायचंही सुचलं नाही. हाका मारल्या. धुक्यात हाक लांब जात नाही, तोंडासमोरच विरते. फोनला रेंज नव्हती.

थांबून राहायला हवं होतं हे आज कळतं. तेव्हा पाय थांबत नव्हते. जरा उताराला लागले तेव्हा बरं वाटलं, रस्ता उताराच्या बाजूलाच आहे असं डोक्यात होतं.

तेवढ्यात मागून आवाज आला... खटक्.

शटरचा आवाज. दहा वर्षं तो आवाज मी रोज ऐकत आलेय, झोपेतही ओळखेन. तिच्या कॅमेऱ्याचा शटर जरा जड वाजायचा, आधी एक बारीक टिक्, मग खटक्.

मी वळले. "जयूताई?"

समोर सगळं पांढरं. मला वाटलं, ही बाई मुरगळलेल्या पायाने मला शोधत आली की काय. रागही आला आणि जीवात जीवही आला. परत आवाज आला, आता जरा पुढून. मी त्या दिशेने गेले. परत जरा पुढून. "अगं थांब ना," मी म्हटलं. ती थांबली नाही. म्हणजे आवाज थांबला नाही. मी गेले की तो पुढे, मी थबकले की तोही थबकायचा. असं किती वेळ चाललं ते सांगता येणार नाही. मग पायाखाली खडी लागली, डिझेलचा वास आला आणि समोर टपरीचं निळं ताडपत्रीचं छप्पर दिसलं.

जयूताई बाकावर बसलेली होती. पाय स्टुलावर, घोट्याला हळदीचा लेप, मांडीवर बॅग. तिने माझ्याकडे पाहिलं आणि डोळे मिटून मोठा श्वास सोडला.

मी म्हटलं, "तू कशी आलीस माझ्याआधी?"

"खंयसून?"

"वरून. तू आली होतीस ना मला शोधायला?"

वहिनी कढईवरून मान वर करून म्हणाल्या, "ती खंय येतली? ह्या पायान? हयसून हलाक नाय ती. दोनदा उठाक बघल्यान, मीच धरून बसवलंय." मग माझ्या फाटक्या बाहीकडे पाहून म्हणाल्या, "चकवो लागलो तुमका."

चकवा वाट चुकवतो एवढं मला माहीत होतं. मनात म्हटलं, धुक्यात आवाजाची दिशा कळत नाही. बेडूक असेल, एखादा पक्षी असेल, ओल्या झुडपात काहीतरी आपटत असेल. आणि भ्यालेल्या माणसाचे कान हवं ते ऐकतात. इथपर्यंत सगळं मला पटलं होतं. वडिलांनाही पटलं असतं.

संध्याकाळी लॉजवर जयूताई पाय उशीवर ठेवून बसली होती आणि मी नेहमीसारखे कार्डावरचे फोटो लॅपटॉपवर घेत होते. दवबिंदूचे फोटो एकाहून एक सरस आले होते. ते संपल्यावर एक राखाडी फ्रेम आली. नुसतं धुकं. मग अजून एक. मला वाटलं, बॅगेत बटण दाबलं गेलं असेल. पण बॅगेत अंधार असतो, फोटो काळा यायला हवा.

मग पुढची फ्रेम आली.

त्यात मी होते.

पायांपासून डोक्यापर्यंत, समोरून. खांद्यावर ट्रायपॉड. डावी बाही फाटून लोंबतेय. गालावर चिखल. मी नुकतीच मागे वळल्यासारखी उभी, बघतेय सरळ लेन्सकडे. माझ्यामागे धुकं जरासं फाटलं होतं, आणि त्या फटीत... माझ्या टाचांच्या मागे दोन-तीन पावलांवर गवत संपत होतं. त्याच्यापुढे काहीच नव्हतं. खोल खाली, अगदी पुसट, झाडांचे शेंडे दिसत होते.

मी ज्या उताराला लागून बरं वाटून घेतलं होतं, तो उतार हा होता.

त्यानंतर परत राखाडी फ्रेम्स, आणि मग एकदम मला आठवणारी एक फ्रेम: टपरीत माझ्या हातात चहाचा ग्लास. ती जयूताईने मी परत आल्यावर काढली होती.

मी लॅपटॉप तिच्याकडे वळवला. ती चष्मा लावून खूप वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "ह्यो माझो न्हय."

"कॅमेरा तुझा आहे. कार्ड तुझं आहे."

"आसात. पण फोटो मी काढूक नाय."

मी तिला नाही नाही ते विचारलं. बॅग कोणी उचलली होती का? नाही. दुसरं कार्ड? एकच होतं. कॅमेऱ्याचं घड्याळ? मी तपासलं, बरोबर होतं, आणि त्या फ्रेमची वेळ मी वर असतानाचीच होती. आणि घड्याळ चुकीचं असतं तरी काय? बाही तर मी तिच्यापासून दूर गेल्यावर फाटली होती.

शेवटी मी विचारलं, "मी वर असताना तू काय करत होतीस?"

"काय करतलंय? बसान होतंय." थोडं थांबून म्हणाली, "डोळे मिटलेलंय. सकाळी जो जो दगड बघितलो, तो मनात परत बघी होतंय. मनात एकच येय होता, ही खालच्या अंगाक गेली तर कडो आसा. मागे फिर, मागे फिर म्हणान सांगी होतंय तुका."

"मोठ्याने?"

"नाय गो. मनात."

मी लॅपटॉप मिटून ठेवला. बाहेर पाऊस चालू होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी उघडीप होती. जयूताईला चालता येत नव्हतं. मी वहिनींच्या नवऱ्याला सोबत घेऊन वर गेले, मोबाइलवर तो फोटो घेऊन. ते काटेरी झुडूप सापडलं, माझ्या रेनकोटची चिंधी त्याला लटकत होती. तिथून कडा सापडायला वेळ लागला नाही. कड्यावर मी फार वेळ उभी राहू शकले नाही. फोटो जिथून काढला असेल ती जागा मात्र आम्ही दोघांनी नीट ताडून काढली. ती दवबिंदूंची रोपं दाटून उगवलेली एक ओली खळगी होती. बोटाएवढी रोपं, पाय पडला की गेलीच. एकही मोडलेलं नव्हतं. पानांवरचे थेंबसुद्धा जसेच्या तसे. वहिनींचा नवरा त्या खळगीकडे बघून मला म्हणाला, "चला ताई, खाली जाऊया."

परत येऊन मी जयूताईला हे सांगितलं. तिने एवढंच विचारलं, "रोपां चिरडूक नाय मां?"

"नाही."

"मग बरा."

लेख तयार झाला, फोटो पाठवले गेले. घाईत तो फोटोही बाकीच्यांसोबत संपादकांकडे गेला, आणि ते त्याच्या प्रेमात पडले. मुखपृष्ठावर हाच घ्यायचा, म्हणाले. धुकं, दरी, वळून बघणारी बाई... असा फोटो मासिकात आजवर आला नाही. जयूताईला तेव्हा कामं कमी व्हायला लागली होती. ज्याच्या त्याच्या हातात कॅमेरा आला होता. या मुखपृष्ठाने तिचं नाव परत सगळीकडे झालं असतं. ती फोनवर म्हणाली, "तो माझा नाही." संपादकांना वाटलं, कोणा दुसऱ्याचा आहे, तर त्याची परवानगी घेऊ. ती म्हणाली, "कोणाचा ते मला माहीत नाही. माझं नाव मात्र त्याखाली येणार नाही." त्यांना ते नखरे वाटले. फोटो छापला गेला नाही, आणि पुढचे काही महिने तिला त्यांच्याकडून कामही आलं नाही. ती एका शब्दाने कुरकुरली नाही. वालावलच्या तळ्याकाठी पाणपक्षी बघत बसायची. परत बोलावणं आलं तेव्हा तितक्याच आनंदाने गेली.

गेल्या वर्षी मालवणात काही लोकांनी मिळून तिच्या आयुष्यभराच्या फोटोंचं प्रदर्शन भरवलं. आता ती फारशी फिरत नाही, गुडघे साथ देत नाहीत. फोटो निवडायला मी देवबागला गेले होते. पडवीत प्रिंट्स पसरून बसलो होतो. स्पितीतल्या मेंढपाळाची बायको, चिलिकावर उतरणारे हजारो पक्षी, कच्छच्या पांढऱ्या रणात एकटा उंट... एका माणसाने एवढं बघितलं, आणि एवढ्या मायेने बघितलं, हे एकत्र समोर आलं की हातातला प्रिंट खाली ठेववत नाही. मी म्हटलं, तो आंबोलीचाही ठेवू या ना. तिने नेहमीचं उत्तर दिलं. मी म्हटलं, तुझं नाव नको. पण तो लोकांनी बघायला हवा. मला वाचवणारा फोटो आहे तो.

तिने विचार केला आणि म्हणाली, "ठेव. पण खरा काय ता लिही."

म्हणून त्या एका फोटोखाली वेगळी पाटी होती: 'आंबोली. कोणी काढला, माहीत नाही.'

प्रदर्शनाला मालवण, कुडाळ, सावंतवाडीहून खूप माणसं आली. कोळीणबायका आल्या, शाळेतल्या बाई आल्या, रापणीच्या फोटोतल्या म्हाताऱ्याचा नातू आजोबांना शोधत आला. जयूताई खुर्चीत बसून सगळ्यांशी बोलत होती, जणू घरी पाहुणे आलेत.

दुपारी गर्दी ओसरल्यावर मी त्या फोटोसमोर उभी होते. इतका मोठा केलेला मी तो पहिल्यांदाच बघत होते. शेजारी एक वयस्क बाई येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी फोटोकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"तुम्हीच ना या?"

"हो."

"घाबरला नव्हतात?"

"खूप घाबरले होते."

"फोटोत तसं वाटत नाही," त्या म्हणाल्या. "घरचं माणूस दिसल्यावर कसा चेहरा होतो, तसा आहे."

मी परत बघितलं. त्यांचं बरोबर होतं. इतकी वर्षं मी त्या फोटोत फाटकी बाही बघत होते, चिखल बघत होते, कडा बघत होते. चेहरा नीट बघितलाच नव्हता. माझी नजर समोर कोणाच्या तरी डोळ्यांवर टेकलेली आहे आणि ओठ नुकते हसायला लागलेत.

त्या दिवशी मला तिथे धुक्याशिवाय काहीच दिसलं नव्हतं. हे मी तेव्हाही सांगितलं होतं, आजही शपथेवर सांगेन. मग मी कोणाकडे बघून हसत होते, ते मला कोणी समजावून सांगू शकेल का?